बोटावर उगवणारी नखी

शाळेतील नखतपासणीचा प्रसंग तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. रांगेत उभे राहायचे, दोन्ही हात पालथे करून पुढे धरायचे आणि बाई जवळ येईपर्यंत श्वास रोखून धरायचा! अशा एका रांगेत एका मुलाने हात पुढे केले आहेत अशी कल्पना करा. डाव्या हाताची नखे अगदी बोटाबरोबर कापलेली आहेत. उजव्या हाताची मात्र बोटांच्या टोकांपुढे थोडी आलेली दिसतात.

"या हाताची राहिली का रे कापायची?" बाई विचारतात.

"नाही बाई, मी युकुलेले वाजवतो," तो सांगतो.

आता ही सबब समजायची की कारण? बाईंनी रागवावे की सोडून द्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे ध्वनिशास्त्र, थोडे जीवशास्त्र आणि थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल. बोटाच्या टोकावरील त्या लहानशा पापुद्र्यात हे तिन्ही विषय एकत्र आले आहेत.

चार तारांचे वाद्य

युकुलेले हे गिटारसारखे दिसणारे, पण कडेवर घेता येईल एवढे लहान वाद्य आहे. ते पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे. त्याचे पूर्वज मात्र अटलांटिक महासागरातील मदैरा या पोर्तुगीज बेटावरचे. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यात 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून मदैराचे अनेक लोक उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी होनोलुलू बंदरात उतरले. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. आपल्या गावाकडील लहान गिटारीच्या धर्तीवर त्यांनी हवाईत वाद्ये बनवण्यास सुरुवात केली आणि त्यातूनच आजचे युकुलेले तयार झाले. हवाईचा राजा कालाकौआ याने त्याला आश्रय दिला. 'युकुलेले' या नावाचा एक प्रचलित अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा आहे.

सर्वांत लहान जातीच्या युकुलेलेत तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. चार तारांच्या वारंवारता साधारणपणे ३९२, २६२, ३३० आणि ४४० हर्ट्झ अशा लावतात. २६२ ला आपला षड्ज मानले, तर वरून खाली प, सा, ग, ध असे स्वर येतात. आपण त्यांना 'तारा' म्हणत असलो तरी त्या धातूच्या नसतात. पूर्वी त्या जनावरांच्या आतड्यापासून बनवीत. नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला आणि पुढे आतड्याची जागा नायलॉनने घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण नखांचे भवितव्य तारेच्या पदार्थावर अवलंबून असते.

सतारीचेच उदाहरण घ्या. तिच्या तारा पोलादाच्या व पितळेच्या किंवा काशाच्या. त्यांच्यावर रोज तासन् तास नख चालवले, तर ते झिजून जाईल. म्हणून सतारवादक तर्जनीत तारेची बनवलेली मिजराब घालतो. मराठीत तिला आपण 'नखी' म्हणतो. नावच सांगते, की ती नखाच्या जागी आली आहे. सरोदवादक नारळाच्या करवंटीचा जवा वापरतो. युकुलेलेच्या तारा मऊ असल्यामुळे तिथे अशा नखीची गरज पडत नाही. वादकाची नखी त्याच्या बोटावरच उगवते!

तार छेडल्यावर काय होते?

ताणलेली तार छेडली, की ती एकाच प्रकारे कंप पावत नाही. ती संपूर्ण लांबीने हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांतही हलते. संपूर्ण लांबीच्या कंपनातून मूलस्वर मिळतो. बाकीच्या कंपनांतून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर मिळतात. मूलस्वर कोणता यावरून स्वराची उंची ठरते. त्याच्याबरोबर कोणते उपस्वर किती प्रमाणात मिसळले आहेत, यावरून नादाची जात ठरते. बासरीचा षड्ज आणि हार्मोनियमचा षड्ज डोळे मिटूनही आपण वेगळे ओळखतो, ते या जातीमुळे.

उपस्वरांचे मिश्रण कसे होईल, हे बऱ्याच अंशी तार सोडण्याच्या क्षणी ठरते. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे तार कोठे छेडली. ती बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट आणि चौपट वारंवारतेचे उपस्वर मिळतच नाहीत. कारण त्या कंपनांत तारेचा मध्य स्थिर राहायला हवा आणि आपण तर नेमका मध्यच ओढलेला असतो! आदर्श तारेचे गणित केले, तर मूलस्वराच्या कंपनाचा आयाम १०० धरल्यास मध्यावर छेडलेल्या तारेत दुसऱ्यापासून पाचव्या उपस्वरापर्यंतचे आयाम अनुक्रमे ०, ११, ० आणि ४ येतात. तीच तार एका टोकापासून एक दशांश अंतरावर छेडली, तर ते ४८, २९, १९ आणि १३ येतात. म्हणून घोडीजवळ छेडलेली तार टणत्कार करते आणि मध्याजवळ छेडलेली तार गोड, पण जरा भरीव आवाज देते. लहान युकुलेलेत दांडी आणि पेटी यांचा सांधा बहुधा मोकळ्या तारेच्या मध्याजवळ येतो. वादक त्याच्या आसपास हात चालवतात, तेव्हा तो ओळखीचा मऊ आवाज निघतो.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाची आहे. ती म्हणजे तार कशाने छेडली.

गादी आणि कड

एक साधा प्रयोग करा. प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा. निम्मी पट्टी बाहेर राहू द्या आणि आतला भाग तळहाताने घट्ट दाबून धरा. बाहेरचे टोक खाली दाबा आणि एकदम सोडा. पट्टी थरथरते. आता टोक पुन्हा दाबा, पण बोट न काढता ते हळूहळू वर येऊ द्या. पट्टी मुकाट्याने जागेवर येऊन थांबते. दोन्ही वेळा तुम्ही तिला सारखेच वाकवले होते. फरक होता तो फक्त सोडण्याच्या वेळेत. एका कंपनाला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळात वस्तू सुटली, तर ती कंप पावते. त्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर ते कंपन जागेच होत नाही.

हाच नियम तारेतील प्रत्येक उपस्वराला लावा. ४४० हर्ट्झच्या तारेच्या मूलस्वराचे एक कंपन सुमारे २.३ मिलिसेकंदांत पुरे होते. दसपट वारंवारतेचा, म्हणजे ४४०० हर्ट्झचा उपस्वर घेतला, तर त्याचे एक कंपन ०.२३ मिलिसेकंदातच होते. आता समजा, बोटाच्या मऊ गादीवरून घसरत सुटायला तारेला एक मिलिसेकंद लागला. मूलस्वराच्या दृष्टीने हे सोडणे चटकन झाले. दहाव्या उपस्वराच्या दृष्टीने मात्र तेवढ्यात चार कंपने होऊन गेली असती! तो उपस्वर अगदीच क्षीण राहणार. नखाची कड कठीण आणि बारीक असते. तिच्यावरून तार झटकन सुटते, त्यामुळे वरचे उपस्वरही जागे होतात.

यात आणखी दोन कारणांची भर पडते. बोटाची गादी रुंद असल्याने तार तिच्याभोवती गोलाईने वाकते. नखाने ती टोकदार कोनात वाकते. जितका कोन तीक्ष्ण, तितके वरचे उपस्वर अधिक. शिवाय मऊ मांस तारेची बारीक कंपने शोषून घेते, नख ती फारशी शोषत नाही.

युकुलेलेवादक या दोन्हींचा उपयोग एकाच बोटाने करतो. तर्जनी खाली जाताना नखाची पाठ चारही तारांवरून फिरते आणि झणकार उठतो. तीच तर्जनी वर येताना गादी तारांना लागते आणि आवाज मवाळ होतो. या खाली-वरच्या फरकातूनच त्या वाद्याची लय ऐकणाऱ्याच्या मनात ठसते.

नख बरे की बोट, हा वाद गिटारवादकांत फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील दोन थोर स्पॅनिश वादक, फेर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो, यांचे यावर एकमत नव्हते. सोर बोटाच्या मांसाने वाजवी, तर आग्वादो नखांनी. पण दोघे पॅरिसमध्ये चांगले मित्र होते. सोरने दोन गिटारींसाठी रचलेल्या एका रचनेचे नावच 'दोन मित्र' असे आहे आणि ती त्याने आग्वादोला अर्पण केली. आपण आता जे गणित पाहिले, त्यावरून दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असेच म्हणावे लागेल. कारण त्यांना नादाच्या वेगवेगळ्या जाती हव्या होत्या. नंतरच्या काळात आंद्रेस सेगोव्हियासारख्या वादकांनी दोन्हींचा मेळ घातला. तार आधी गादीला टेकते आणि सुटताना नखाच्या कडेवरून निसटते. त्यासाठी नख फार लांब असून चालत नाही.

नख कशाचे बनते?

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. केस, गाईची शिंगे आणि घोड्याचे खूर यांतही याच कुळातील प्रथिने असतात. कातडीखाली लपलेल्या नखाच्या मुळाशी जिवंत पेशी सतत तयार होत असतात. त्या पुढे ढकलल्या जातात, चपट्या होतात, मरतात आणि एकमेकींना चिकटून कठीण पत्रा तयार होतो. म्हणूनच नख कापताना दुखत नाही. हाताचे नख दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते.

या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात तीन थर असतात. मधला थर सर्वांत जाड असून त्यातील तंतू नखाच्या कडेला समांतर, म्हणजे आडवे असतात. ही रचना मोठी उपयोगी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की नख आडवे कापायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे दुप्पट ऊर्जा ते मुळाच्या दिशेने उभे कापायला लागते. त्यामुळे कडेला पडलेली चीर सहसा मुळाकडे न जाता आडवी वळते. नखाचा तुकडा जातो, पण खालचे नाजूक मांस वाचते.

नखाची कमानही महत्त्वाची आहे. सुताराच्या पोलादी मोजफितीला किंचित बाक असतो, म्हणून ती बाहेर काढल्यावर हवेत सरळ राहते. सपाट केली तर ती लगेच लवते. नखाच्या बाकामुळे त्यालाही असाच ताठपणा येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे कोपरे खोलवर कापून कमानीचा आधार काढून घेऊ नये.

लांबीचे काय? मघाची पट्टी पुन्हा टेबलावर ठेवा. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली, तर त्याच वजनाने टोक आठपट खाली वाकते. नखालाही हाच नियम लागू आहे. २ मिलिमीटर पुढे आलेल्या नखापेक्षा ४ मिलिमीटर पुढे आलेले नख सुमारे आठपट लवचीक होते आणि त्याच्या मुळाशी येणारा ताण दुप्पट होतो. ते तारेत अडकते, उशिरा सुटते आणि मोडते. म्हणजे लांब नख वाजवण्यासाठीही वाईटच!

निगा कशी राखावी?

आता यावरून नियम काढणे सोपे आहे.

डाव्या हाताची नखे बोटाबरोबर कापावीत. हा हात पडद्यांजवळ तारा दाबतो. नख पुढे आले, तर बोटाच्या आधी तेच दांडीला टेकते, तार नीट दाबली जात नाही आणि आवाज खरखरतो. पण मांसाच्या आत शिरून कापू नये. तशी जखम झाली, तर जंतू शिरून नखुरडे होते आणि पंधरा दिवस वाद्यालाच काय, पेन्सिलीलाही हात लावता येत नाही.

उजव्या हाताची नखे एक ते दीड मिलिमीटर पुढे असू द्यावीत. तळहात डोळ्यांसमोर धरला, की बोटाच्या टोकामागून नखाची बारीकशी चंद्रकोर दिसली पाहिजे. त्याहून जास्त नको. आकार बोटाच्या टोकाच्या गोलाईप्रमाणे ठेवावा.

नेलकटर नखाला दाबून तोडतो, त्यामुळे कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. म्हणून कापताना थोडे जास्त ठेवावे आणि उरलेले कानशीने घासावे. शेवटी अगदी बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करावी. कड खडबडीत असली, तर तार एका दमात न सुटता दात्यांवरून अडखळत सुटते. ती अडखळ आपल्याला खरखर म्हणून ऐकू येते. कड नीट झाली की नाही, हे पाहण्यासाठी ती नायलॉनच्या कापडावरून फिरवावी. धागा अडकला, तर अजून घासावे. नख ओले असताना घासू नये, कोरडे होऊ द्यावे.

पाणी नखाचे मित्रही आहे आणि शत्रूही. नख पाणी शोषून मऊ होते आणि वाळले की कडक होते. दिवसातून अनेकदा भिजणे आणि वाळणे झाले, तर थर सुटू लागतात. भांडी घासल्यावर किंवा कपडे धुतल्यावर हात पुसून नखांना खोबरेल तेलाचे बोट लावावे. तेलामुळे नखातील पाणी लवकर उडून जात नाही. नेलपॉलिश काढण्यासाठी वापरतात ते ॲसिटोन नखाला फार कोरडे करते, म्हणून ते वारंवार वापरू नये.

आणि नख मोडलेच तर? दाताने तोडू नका, ओढू नका. उरलेला भाग कापून गोल करा. गॅदरिंग उद्यावर आले असले, तरी झटपट चिकटणारा गोंद नखाला लावण्याचा मोह टाळा. या गोंदात सायनोॲक्रिलेट असते. कापूस किंवा सुती कापड यांच्याशी संबंध येताच ते इतक्या वेगाने घट्ट होते, की निघणाऱ्या उष्णतेने त्वचा भाजू शकते. त्यापेक्षा सरळ बोटाच्या गादीने वाजवा. आवाज मऊ होईल, पण सूर तोच राहील. दीड मिलिमीटर नख यायला, दिवसाला ०.१ मिलिमीटर या हिशेबाने, पंधरा दिवस लागतील.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेमुळे येतात, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. बहुधा मुळाला कधीतरी लागलेल्या लहानशा माराची ती खूण असते आणि नखाबरोबर ती पुढे सरकून निघून जाते. मात्र नखे चमच्यासारखी खोलगट होऊ लागली, तर ते शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी कानस बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

बाईंचेही बरोबर

आता पुन्हा त्या रांगेकडे वळू. नखतपासणी काही उगाच होत नाही. नखाखालच्या फटीत माती, जिवाणू आणि कृमींची अंडी साठतात आणि जेवताना ती पोटात जातात. फट जितकी खोल, तितकी ती स्वच्छ करणे कठीण. म्हणून लांब, मळकी नखे शाळेत चालणार नाहीत आणि ती चालूही नयेत.

पण आपण काढलेला हिशेबही एक ते दीड मिलिमीटरच सांगतो. एवढी फट साबण आणि मऊ ब्रश यांनी रोज सहज स्वच्छ होते. म्हणजे आरोग्यशास्त्र आणि ध्वनिशास्त्र यांचे येथे भांडण नाही. त्या मुलाने एवढे करावे, की हात उताणे करून नखांची खालची बाजू बाईंना आपणहून दाखवावी. ती स्वच्छ असेल, तर त्याचे उत्तर हे कारण आहे. काळी असेल, तर ती सबब आहे.

तुमच्यासाठी दोन प्रयोग देऊन हा लेख संपवतो. जेवणाच्या उघड्या डब्यावर एक रबर बँड ताणून बसवा. तो आधी मध्यावर बोटाच्या गादीने आणि मग कडेजवळ नखाने छेडा आणि आवाजातील फरक वहीत लिहा. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे ॲप मिळाले, तर उपस्वर डोळ्यांनीही पाहता येतील. दुसरा प्रयोग महिनाभराचा आहे. एका नखाच्या मुळाजवळ नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या आणि दर रविवारी मुळापासून त्याचे अंतर मोजा. ठिपका पुसट होऊ लागला, तर त्याच जागी पुन्हा द्या. अंतराचा आलेख काढा. तुमचे नख दिवसाला ०.१ मिलिमीटर वाढते का, हे तुम्हालाच कळेल. वर्गातील दहाजणांनी मिळून हा प्रयोग केला, तर प्रत्येकाच्या नखाचा वेग सारखा आहे की नाही, तेही दिसेल.